दुसरा रिमोट

झुमातायनं उजवा हातमोजा दातांनी ओढून काढला, काउंटरवरचा रिमोट उचलला आणि डोळे मिटून त्याच्या बटणांवरून अंगठा फिरवला. मग तो खाली ठेवला आणि दुसरा उचलला. पलीकडे गेना हाताची घडी घालून उभा होता. ट्रकना अलार्म आणि रिमोट स्टार्ट बसवून देण्यात त्याचा कारागांडा शहरात हातखंडा होता. त्याच्याकडे येणारे लोक रिमोटचा पडदा बघत, पल्ला विचारत, भोंगा वाजवून दाखवायला सांगत. डोळे मिटून बटणं चाचपणारं गिऱ्हाईक त्याला आजच भेटलं होतं.

"आके, डोळे उघडा की," येरमेक बापाला म्हणाला. "ह्याच्यावर इंजिनाचं तापमानसुद्धा दिसतं, बघा."

"थंडी किती आहे ते मला नाकानं कळतं," म्हातारा म्हणाला आणि त्यानं तिसरा रिमोट घेतला.

विजेच्या शेगडीजवळच्या खुर्चीत येरमेकची बायको शोल्पान बसली होती. सातव्या महिन्याच्या पोटावर तिचा स्वतःचा कोट मिटत नव्हता, म्हणून तिनं नवऱ्याचा घातला होता. सकाळी शहरातल्या दवाखान्यात तिची तपासणी झाली होती. डॉक्टरीणबाईंनी यंत्र लावून बाळाचे ठोके ऐकवले होते आणि सगळं नीट आहे असं दोनदा सांगितलं होतं. येरमेकनं तिथल्या तिथे टोपी काढून, देवाचे आभार मानत तोंडावरून हात फिरवला होता. इथलं काम आटोपलं की ते तिच्या आईकडे, नागिमाकडे, चहाला जाणार होते. पण चहा नुसतं निमित्त होतं. शोल्पान आज तिथेच राहणार होती, बाळ होईपर्यंत. हे नवरा-बायकोचं ठरलं होतं, नागिमाला ठाऊक होतं, आणि म्हाताऱ्याला अजून कुणी सांगितलं नव्हतं. येरमेकला वाटत होतं शोल्पान सांगेल, आणि सासऱ्यापुढे असलं काही सुनेनं बोलायची रीत नव्हती.

येरमेकची समजूत अशी होती, की ती ट्रकला भिऊन निघाली आहे. म्हणून तर त्यानं हे रिमोट स्टार्टचं टुमणं लावलं होतं. सोमवारी तो पुन्हा खाणीवर जाणार होता. महिन्यातले निम्मे दिवस त्याचा मुक्काम तिकडेच असे. गावात घरी राहणार शोल्पान आणि म्हातारा दोघंच, आणि अंगणात तो जुना तीन टनी डिझेल ट्रक. ट्रक हमखास सुरू होतो असं एकदा तिच्या मनानं घेतलं, की ती माहेरी जायचा हट्ट सोडेल, असा त्याचा हिशेब होता. शोल्पाननं त्याची समजूत कधी खोडून काढली नव्हती. खोडून काढायची तर खरं काय ते सांगावं लागलं असतं.

खरं इतकंच होतं, की गेल्या जानेवारीत दोष ट्रकचा नव्हता.

त्या दिवशी दुपारी जेवणं झाली आणि तेव्हा पोटात असलेलं बाळ हललं नाही. ती भांडी घासत वाट बघत राहिली. झोपलं असेल, मनाशी म्हणाली. गुरांना पाणी दाखवलं, कणीक मळली, संध्याकाळी सासऱ्याला चहा ओतून दिला. सासूला जाऊन तीन वर्षं झाली होती आणि येरमेक खाणीवर होता. घरात म्हाताऱ्याशिवाय कुणी नव्हतं, आणि सासऱ्यासमोर उभं राहून पोटातलं बाळ हलत नाही हे कुठल्या तोंडानं सांगायचं? चहाची वाटी पुढे करताना दोन वेळा शब्द ओठांपर्यंत आले आणि दोन्ही वेळा तिनं विचारलं, साय घालू का. पहाटे कळा सुरू झाल्या तेव्हा मात्र तिनं भिंत वाजवली. तालुक्याची ॲम्ब्युलन्स दुसऱ्या गावाला गेलेली होती. बाहेर उणे चाळीसच्या खाली थंडी. म्हातारा ज्योतीचा फवारा मारणारा ब्लोलॅम्प पेटवून ट्रकच्या पोटाखाली शिरला आणि गोठलेलं ऑइल पातळ व्हावं म्हणून इंजिनाखालचा टब तापवत बसला. लॅम्प सांडून त्याचा डावा हात मनगटापर्यंत भाजला, तरी तो बाहेर आला नाही. सूर्य वर आल्यावर ट्रक सुरू झाला. दवाखान्यात बाळ झालं, ते रडलं नाही.

गावात सगळे म्हणाले, ट्रक सुरू झाला नाही म्हणून. झुमातायही तेच म्हणाला. चाळीस वर्षं सामुदायिक शेतीच्या गाड्या चालवलेला माणूस मान खाली घालून सांगत असे, मला ट्रक सुरू करता आला नाही. शोल्पान चहाच्या समोवरपाशी बसून ते ऐकत असे. वर्षभर तिनं त्याचा तो कातडं ओढल्यासारखा झालेला हात वाटी धरताना पाहिला, आणि वर्षभर ती गप्प राहिली. आणखी एक हिवाळा तो हात समोर बघत काढणं तिच्यानं होणार नव्हतं. माहेरी जायचं कारण एवढंच होतं.

काउंटरवर आता गेना तीन पेट्या मांडून समजावत होता. पहिली नुसती अलार्मची. दार उघडलं, चाक हललं, डिझेल चोरायला टाकीला कुणी नळी लावली की बोंब मारणार. दुसरी, अलार्म आणि स्टार्ट दोन्ही. थंडी ठरावीक आकड्याखाली गेली की ट्रक आपला आपण सुरू होणार, गरम होणार, बंद होणार. तिसरी मोबाइलवरून चालणारी. येरमेकचा डोळा तिसरीवर होता. खाणीवर बसून मी घरचा ट्रक सुरू करीन, म्हणाला. बापानं विचारलं, गावात मोबाइलला रेंज कुठे येते? येरमेकनं कबूल केलं, की पाण्याच्या टाकीवर चढलं तर येते.

"मग प्रत्येक वेळी टाकीवर चढायला माणूस ठेव एक," झुमाताय म्हणाला. तिसरी पेटी गेनानं न सांगता बाजूला केली.

मग म्हाताऱ्यानं प्रश्न विचारायला सुरुवात केली. डिझेलचं इंजिन आहे, आधी आतले प्लग तापायला हवेत आणि मग स्टार्टर फिरायला हवा, तर ही पेटी तेवढं थांबते का? गेना म्हणाला, थांबते, किती थांबायचं ते मी भरून देतो. पहिल्या झटक्यात सुरू झालं नाही तर? पुन्हा प्रयत्न करते, दर वेळी जास्त थांबून. बॅटरी उतरत आली तर? आधी सांगते. गेनाला मजा येऊ लागली होती. त्यानं बसायला स्टूल पुढे केलं. म्हातारा बसला नाही.

"ह्याच्याबरोबर रिमोट दोन येतात ना?"

"दोन. एक पडद्याचा, एक साधा. साधा म्हणजे राखीव, आजोबा. तो लोकांच्या डब्यात पडून असतो."

"साध्यानं ट्रक सुरू होतो?"

गेनानं डोकं खाजवलं. बहुतेकांच्या साध्या रिमोटनं फक्त कुलूप लागतं आणि निघतं, म्हणाला. सुरू होणारा एक आहे, पण तो जुना नमुना, दिसायला ओबडधोबड, हल्ली कुणी मागत नाही. त्यानं मागच्या फळीवरून खोका काढून फुंकर मारली. त्यातला साधा रिमोट खरंच साबणाच्या वडीएवढा जाड होता आणि त्यावर मधोमध एकच मोठं बटण उठून आलेलं होतं. झुमातायनं पुन्हा डोळे मिटले. त्यानं रिमोट उजव्या हातातून डाव्या हातात घेतला, उलटा केला, खिशात टाकला, खिशातल्या खिशात चाचपला.

"हा द्या," तो म्हणाला.

येरमेक वैतागला. वीस वर्षांपूर्वीचा माल कशाला, म्हणाला. पडद्याचा रिमोट तुम्ही ठेवा, दुसरा लागतोच कुणाला? बाप गेनाकडे वळला. घरात, रजईखालून, भिंतीच्या आडून हा चालेल का, एवढंच त्यानं गेनाला विचारलं. आणि ट्रक सुरू होताना भोंगा वाजतो का? गेना म्हणाला, छोटासा वाजतो.

"तो बंद करा. सगळ्या गल्लीला कळायला नको. इंजिनाचा आवाज पुरे."

शोल्पाननं मान खाली घातली. म्हातारा झाला आता, तिला वाटलं. नजर राहिली नाही, भाजलेल्या हाताला बटण लागत नाही, आणि हे कुणाला कळू नये म्हणून बिचारा आडून आडून विचारतो आहे. तिला त्याची दया आली. आणि ही दया येण्याचा आपल्याला काय अधिकार, असं वाटून स्वतःचा रागही आला.

गेना ट्रकच्या डॅशबोर्डखाली आडवा होऊन तारा जोडत असताना खरी कटकट निघाली. पेटी ट्रकला आपलं आपण सुरू करणार, तर ट्रक न्यूट्रलमध्ये आहे ह्याची तिला खात्री हवी. म्हणून ट्रक लावतानाच एक रीत पाळायची. न्यूट्रल करायचं, हँडब्रेक ओढायचा, चावी काढायची. तरी इंजिन चालूच राहतं. मग खाली उतरून दार लावायचं आणि बटण दाबायचं. तेव्हा ते थांबतं. रीत चुकली तर पेटी रात्री सुरूच करणार नाही.

"हँडब्रेक?" झुमाताय म्हणाला. "हिवाळ्यात?"

थंडीत हँडब्रेक ओढून ठेवला की आतली ओल गोठते आणि सकाळी चाक फिरत नाही. म्हणून तिकडचा कुठलाही ड्रायव्हर ट्रक गिअरमध्ये टाकून ठेवतो आणि निघून जातो. झुमातायचा हात उभ्या जन्मात ट्रक लावल्यावर गिअरकडेच गेला होता.

गेना खालूनच म्हणाला, सगळ्यांची हीच अडचण असते. त्यावर सगळे हँडब्रेकची तार कापून सरळ पत्र्याला जोडून घेतात. मग पेटी हँडब्रेकचं विचारत नाही.

"तसंच करा," येरमेक म्हणाला.

"आणि विसरून गिअरमध्ये राहिला तर?" म्हाताऱ्यानं विचारलं.

गेना बाहेर आला आणि हात पुसू लागला. "तर सुरू होताना उडी मारतो."

"अंगणात कोण उभं असेल ते त्याला काय माहीत," झुमाताय म्हणाला. "तार कापायची नाही. माझं चुकलं तर त्यानं नाही म्हणावं. घराकडे वळताना हँडब्रेक अर्धा ओढून थोडं चालवलं की आतलं तापून सुकतं. तेवढं करीन मी."

गेनानं मुकाट्यानं तार होती तशी राहू दिली.

काम झालं तेव्हा ऊन उतरलं होतं. गेनानं म्हाताऱ्याला केबिनमध्ये बसवून रीत करून दाखवायला सांगितली. पहिल्या वेळी झुमातायनं सवयीनं चावी फिरवून इंजिन बंद केलं आणि गिअर टाकला. उतरून बटण दाबलं तर रिमोट नुसता किरकिरला. दुसऱ्या वेळी हँडब्रेक ओढला आणि तरी हात गिअरकडे गेलाच. तिसऱ्या वेळी तो प्रत्येक गोष्ट तोंडानं पुटपुटत होता, नमाज शिकणाऱ्या पोरासारखा. न्यूट्रल. हँडब्रेक. चावी. इंजिन चालू राहिलं. तो खाली उतरला, दार लावलं, बटण दाबलं, आणि ट्रक शांत झाला. मग त्यानं तेच आणखी कितीतरी वेळा केलं. येरमेक घड्याळ बघत होता. शोल्पान काचेतून पाहत होती आणि तिला रडू येत होतं, कारण म्हातारा जे दुरुस्त करायला इतका झटत होता ते मोडलंच नव्हतं.

नागिमाच्या घरी जाताना झुमातायच चालवत होता. रीतीप्रमाणे येरमेक मध्ये बसला होता आणि शोल्पान खिडकीशी. फाटकापाशी पोचल्यावर येरमेक घोड्याच्या मांसाची पिशवी घेऊन उतरला. शोल्पानला उतरायला वेळ लागायचा, म्हणून तो म्हणाला, मी आधी हे आत देऊन येतो, मग तुला हात देतो. खरं म्हणजे त्याला सासूशी दोन शब्द बोलायचे होते, की म्हाताऱ्यापुढे राहण्याचा विषय तुम्हीच काढा.

केबिनमध्ये दोघंच उरली. मधली जागा रिकामी होती. इंजिन चालू होतं. झुमाताय समोरच्या काचेतून रस्ता बघत होता, आणि शोल्पानला कळलं की आता बोललं नाही तर पुन्हा कधीच बोलणं होणार नाही.

"आके," ती म्हणाली, "गेल्या वर्षी ट्रकचं काही चुकलं नव्हतं. आदल्या दिवशी दुपारपासूनच…"

"माहीत आहे मला."

तो तिच्याकडे वळला नाही. तिलाही त्याच्याकडे बघवलं नाही.

"दवाखान्यातल्या नर्सनं मला बाहेर येऊन झापलं," तो म्हणाला. "मुलगी म्हणते दुपारपासून हालचाल नाही, आणि तुम्ही आत्ता आणता? मी म्हटलं, ट्रक सुरू होत नव्हता. ते तोंडातून गेलं आणि मग मी तेच धरून ठेवलं."

"का पण?"

"लोकांना काहीतरी सांगावं लागतं, पोरी. ट्रकला बोल लावला तर ट्रकचं काही जात नाही. तुला लावला असता तर गावातल्या बायकांनी तुला उभी जाळली असती."

शोल्पाननं तोंडावर हात दाबून धरला. वर्षभर ती त्याला ओझं वाहताना बघत होती, आणि ते ओझं तिचं होतं हे त्याला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. तिला धड रडताही येईना.

म्हातारा समोरची काच हातानं पुसू लागला. मग घसा साफ करून म्हणाला, "तुझी सासू असती तर तिला सांगितलं असतंस. मला कसं सांगणार? माझ्या बायकोनंही माझ्या बापाला सांगितलं नसतं. त्यात तुझी चूक नाही. पण मी वर्षभर तोच विचार करतोय, की घरात मी असताना तुला सांगायला माणूस नव्हतं."

एवढं बोलून तो कामाला लागला. न्यूट्रल, हँडब्रेक, चावी. ह्या वेळी हात गिअरकडे गेला नाही. इंजिन चालू ठेवून तो खाली उतरला, ट्रकला वळसा घालून तिच्या बाजूला आला, दार उघडलं आणि दुसरीकडे तोंड करून आपलं कोपर पुढे केलं. ते धरून शोल्पान सावकाश बर्फावर उतरली. सासऱ्याच्या अंगाला तिचा हात आज पहिल्यांदाच लागला होता. त्यानं दार लावलं आणि पडद्याच्या रिमोटचं बटण दाबलं. ट्रक थांबला. मग कोटाच्या आतल्या खिशातून त्यानं तो जाड, ओबडधोबड रिमोट काढला आणि तिच्या हातावर ठेवला.

"हा तुझा. ट्रकमध्ये तुझं सामान मी पाहिलंय. तुझ्या आईकडे राहायचं असेल तर राहा, मी काही म्हणणार नाही. दवाखाना इथून जवळ आहे, ते बरंच आहे. पण घरी यायचं ठरवलंस, तर हा उशाशी ठेव. तोंडानं काही सांगू नकोस. नुसतं वाटलं, की काहीतरी बरं नाही, तरी दाब. दिवसा, रात्री, मी जेवत असलो तरी. ट्रक सुरू झाल्याचा आवाज आला, की मी कोट घालून बाहेर येईन आणि दार उघडून उभा राहीन. तू येऊन बस. काय झालं ते मी विचारणार नाही."

घराचं दार उघडून येरमेक पायरीवर आला होता. तिथूनच त्यानं विचारलं, तुझं सामान उतरवू का. शोल्पाननं मान हलवून नको म्हटलं. तो तसाच उभा राहिला.

"उगीच दाबला गेला तर?" तिनं हळूच विचारलं. "काहीच नसलं, आणि मी भिऊन दाबला तर?"

"तर ट्रक गरम होईल. त्यात कुणाचं काय बिघडलं?" झुमाताय म्हणाला. मग तो चार पावलं दूर गेला आणि तिच्याकडे पाठ करून, कुंपणाकडे तोंड करून उभा राहिला. "दाबून बघ एकदा."

तिनं येरमेकच्या कोटाच्या लांब बाहीत हात ओढून घेतला आणि न बघता अंगठ्यानं बटण शोधलं. ते लगेच सापडलं. दाबल्यावर काही क्षण काहीच झालं नाही. आतले प्लग तापत असणार. मग ट्रक एकदा थरथरला आणि इंजिन चालू झालं, केबिनमध्ये कुणी नसताना.

म्हाताऱ्यानं मागे वळून पाहिलं नाही.

"ऐकू आलं," तो म्हणाला. "आता बंद कर. डिझेल जळतंय."